फणसावरची टिचकी

गेल्या मे महिन्यात माझी भाची सुटीला फोंड्याला आली होती. गोव्याबाहेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ती एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सुटीत सकाळचे दोन-तीन तास माझ्या दवाखान्यात येऊन बसण्याचा तिचा नेम आहे. त्या दिवशी साठीच्या पुढची एक बाई आली. पंधरा दिवसांपासून संध्याकाळी बारीक ताप येतो, कोरडा खोकला आहे, चढण चढताना दम लागतो आणि रात्री उजव्या कुशीवर वळले की जरा बरे वाटते, एवढे तिने सांगितले. मी भाचीला तपासायला सांगितले. तिने हातांना सॅनिटायझर चोळला आणि पाठीवर दोन ठिकाणी स्टेथोस्कोप टेकवला. "बाय, तुजे हात थंड," म्हणत बाई शहारली. तिकडे भाचीचे लक्षही गेले नाही. माझ्याकडे वळून तिने विचारले, "मावशी, एक्स-रे कुठे आहे?"

एक्स-रे अजून काढलेला नव्हता. "मग काढून आणायला सांगूया ना," ती म्हणाली, आणि त्यात चुकीचे काहीच नव्हते. मीही तेच करणार होते. मी तिला एवढेच म्हटले की, काढण्याआधी तो कसा दिसेल ते मला सांग. मी उद्याचा मटक्याचा आकडा विचारावा तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

बाई चिठ्ठी घेऊन गेली. दुपारी जेवणे झाल्यावर मी भाचीला परसात नेले. तिथे फणसाचे एक जुने झाड आहे आणि मे महिन्यात ते बुंध्यापासून लगडलेले असते. कोणता फणस उतरवायचा हे माझी आई, म्हणजे हिची आजी, टिचकी मारून ठरवत असे. कच्चा फणस टणटण वाजतो आणि पिकत आला की आवाज जड होतो, बद्द येतो. भाचीने तीन फणस वाजवले, तिन्ही तिला सारखेच वाटले. चौथ्याला ती थांबली, पुन्हा पहिल्याकडे गेली, पुन्हा चौथ्याकडे आली. मग मी तिला डाव्या हाताचे मधले बोट स्वतःच्याच बरगड्यांच्या फटीत घट्ट टेकवायला लावले आणि उजव्या हाताचे मधले बोट वाकवून त्यावर मनगटातून ठोकायला लावले. हवेने भरलेल्या फुप्फुसाचा आवाज तिने ऐकला. मग तेच मांडीवर करायला सांगितले. छातीत पाणी साचले की मांडीवर येतो तसा ठस्स आवाज येतो, हे तिला पाठ होते. परीक्षेत तिने ते लिहिलेही होते. बोटाला ते कसे लागते हे मात्र तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळले.

ही युक्ती मुळात दारूच्या पिंपांवरून आली असे सांगतात. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ग्राझ गावच्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून आतली पातळी ओळखण्याची रीत त्याने घरी पाहिलेली होती. डॉक्टर झाल्यावर तेच त्याने रुग्णांच्या छातीवर करून पाहिले आणि १७६१ साली व्हिएन्नात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. जवळजवळ अर्धे शतक त्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही. १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिसार याने त्याचे फ्रेंच भाषांतर केले आणि मग ती रीत युरोपभर गेली. पुढे १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून एका तरुणीच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्या सुरळीतून स्टेथोस्कोप जन्माला आला. म्हणजे आम्ही म्हातारे डॉक्टर ज्याला हातची विद्या म्हणून मिरवतो, त्यातला अर्धा भाग कधीकाळी नवे तंत्रज्ञानच होता, आणि त्यावरही तेव्हाच्या जाणत्यांनी नाके मुरडली असतील.

आमच्यावरही मुरडली गेलीच. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत सुरू केलेली वैद्यकशाळा १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झाली. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे शिकायला गेले तेव्हा आमचा वावर मांडवीकाठच्या जुन्या वास्तूत होता. बांबोळीचे मोठे रुग्णालय पुढचे. त्या जुन्या वास्तूत आता नोव्हेंबर आला की चित्रपट महोत्सवाची गर्दी असते, आणि तिथून जाताना मला अजून फॉर्मलीनचा वास येतो, तो फक्त मलाच येतो हे उघड आहे. त्या काळी सोनोग्राफी नवी होती. आमचे एक सर म्हणायचे की, या यंत्राने तुमची बोटे आंधळी होणार. आम्ही मागच्या बाकावर हसायचो. पुढे त्याच सोनोग्राफीने माझ्या हातून होऊ शकणाऱ्या किती चुका वाचवल्या याचा हिशेब नाही. म्हणून आज भाचीच्या पिढीबद्दल तक्रार करताना मी स्वतःला आधी विचारते की, हा केवळ वयाचा कुरकुरेपणा तर नाही ना?

विचार करून माझे उत्तर असे ठरले आहे. स्टेथोस्कोपने कान लांब केला, पण ऐकू आले त्याचा अर्थ लावण्याचे काम कानाच्या मालकाकडेच ठेवले. सोनोग्राफीनेही पडद्यावर करड्या सावल्या दाखवल्या. त्या वाचायच्या आपणच. आता हातात आलेली साधने अर्थही स्वतःच सांगतात. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात निदान छापून येते, एक्स-रेवर संशयाच्या जागी रंगीत डाग उमटतो, हृदयातला फुसफुसणारा आवाज सदोष आहे की निर्दोष हे सांगणारे स्टेथोस्कोप निघाले आहेत, आणि चॅटबॉटला लक्षणे सांगितली की तो दहा आजारांची यादी खात्रीच्या सुरात देतो. कामात मुरलेल्या डॉक्टरला ही मदत आहे. शिकणाऱ्याच्या बाबतीत मात्र तिने एक जागाच काढून घेतली आहे. माहीत नसणे आणि माहीत होणे यांच्या मधली, खाटेशेजारी अवघडून उभे राहण्याची ती जागा. तिथे पंधरा मिनिटे चुकतमाकत काढल्याशिवाय बोटांना काही शिकवता येत नाही.

मुरलेल्यांनाही ही मदत पूर्णपणे फुकट पडते असे दिसत नाही. २०२५ साली लॅन्सेटच्या पोटविकारांविषयीच्या नियतकालिकात पोलंडमधल्या चार केंद्रांचा एक अभ्यास आला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करताना पडद्यावर संशयास्पद जागेभोवती चौकट काढून दाखवणारी यंत्रणा तिथे बसवण्यात आली होती. ती येण्याआधीच्या तीन महिन्यांत २८.४ टक्के तपासण्यांत पुढे कर्करोग होऊ शकेल अशा गाठी सापडत होत्या. यंत्रणा रुळल्यानंतरच्या तीन महिन्यांत तिच्याविना केलेल्या तपासण्यांत हेच प्रमाण २२.४ टक्क्यांवर आले. हा निरीक्षणांवर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे घसरणीचे कारण यंत्रणाच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ते डॉक्टर नवशिके नव्हते. त्यांतल्या प्रत्येकाने आधी दोन हजारांहून अधिक तपासण्या केलेल्या होत्या. त्यांची नजर जर काही महिन्यांत सैल होत असेल, तर ज्यांची नजर अजून तयारच झालेली नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला सतावतो. विसरायला आधी काही शिकलेले असावे लागते.

यंत्राशी भांडता येण्यासाठीही तेच लागते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कुणाला मृत्यूचा धोका जास्त हे जुन्या नोंदींवरून ओळखण्यासाठी संगणकाला शिकवण्याचा प्रयोग झाला. संगणकाने एक विचित्र नियम काढला की, दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तर त्याला धोका कमी. आकड्यांच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात नेत, आणि त्या काळजीमुळे तो वाचे. संगणकाला काळजी दिसली नाही, फक्त वाचलेले दिसले. हा घोळ लक्षात आला तो दमा म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या माणसांमुळे. मी हा किस्सा भाचीला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पण मावशी, आता ही मॉडेल्स खूप सुधारली आहेत." सुधारली असतीलच. पुढच्या चुका एवढ्या ढोबळ नसतील, आणि मग त्या ओळखायला आणखी जाणकार माणूस लागेल.

भाचीच्या फोनमध्ये एक प्रश्नपेढी आहे. तिच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ती किंवा तिची बहीण आहे. पदव्युत्तर प्रवेशाची देशव्यापी परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते आणि जागा थोड्या असतात, त्यामुळे मुले दुसऱ्या वर्षापासूनच हजारो प्रश्न सोडवू लागतात. यात त्यांचा दोष नाही. ज्या दारातून जायचे त्या दाराच्या मापाचेच अंग करावे लागते. वॉर्डातही एका हातात फोन असतो. सर शेजारच्या खाटेकडे वळले की मुले दोन प्रश्न सोडवून घेतात, असे भाचीने हसत हसत सांगितले.

मी तिच्याकडून फोन घेऊन तासभर ते प्रश्न सोडवले. सत्तरातले चाळीस आले, हे कबूल करते. प्रश्न हुशारीने रचलेले होते. पण हळूहळू मला त्या रुग्णांची एक गंमत दिसू लागली. प्रश्नपेढीतला रुग्ण कधी फालतू बोलत नाही. "पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी, पाच दिवस ताप, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल" एवढे वाचले की शेतकरी, पोटऱ्या आणि डोळे यांची मोट बांधून लेप्टोस्पायरोसिस लिहायचा. तिथे आलेला प्रत्येक शब्द कामाचा असतो, कारण तो कुणीतरी निवडून ठेवलेला असतो. माझ्या दवाखान्यात येणारा रुग्ण पुतणीच्या लग्नापासून सुरुवात करतो, मध्येच पंचायतीने रस्ता खणून ठेवल्याचे सांगतो, पोटऱ्या दुखतात हे सांगायचे विसरतो आणि उठता उठता दारात उभा राहून म्हणतो, "दोतोर, आनी एक सांगपाचें उरलें." त्या सगळ्या गोंधळातून नेमके कोणते वाक्य उचलायचे, हीच खरी विद्या आहे. प्रश्नपेढी ती स्वतःच उरकून टाकते आणि उरलेले सोपे काम मुलांना देते.

याबाबतीत मी कुणाला शहाणपण शिकवण्याच्या जागी नाही. २०१६ साली उन्हाळ्यात सत्तरी तालुक्यातला एक मनुष्य फोंड्यातल्या नातलगांकडे आला होता, त्याला माझ्याकडे आणले. चार दिवस फणफणून ताप, अंग मोडून आलेले. माझ्यासमोर रांग होती. मी रक्त तपासायला पाठवले आणि संध्याकाळी प्रयोगशाळेचा अहवाल फोनवर आला. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, डेंग्यूची चाचणी नकारात्मक. मी त्या कागदाकडे पाहून साधा विषाणुजन्य ताप ठरवला आणि पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती असे सांगून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्याची बायको एकटीच आली. तापाचा आकडा सांगायचा सोडून ती तिसरेच बोलत होती, की काजूंची राखण कोण करणार, ऐन हंगामात मनुष्य आडवा झाला. आणि मग सहज म्हणाली, "भाटांत माकडां मरून पडल्यांत, ताचीय घाण येता."

माकडताप, म्हणजे क्यासनूर अरण्यातला ताप, १९५७ साली कर्नाटकात शिमोगा भागात पहिल्यांदा ओळखला गेला. रानातल्या गोचिडी चावल्याने तो माणसाला होतो आणि त्याआधी बहुधा माकडे मरतात. २०१५ पासून तो सत्तरीत दिसू लागला होता आणि काजूच्या हंगामात रानात वावरणाऱ्या लोकांनाच तो गाठत होता. वर्तमानपत्रांनी ते छापले होते, मी ते वाचलेही होते. तरीही "काम काय करता?" हा एक प्रश्न मी विचारला नव्हता, कारण फोनवरच्या आकड्यांनी मला उत्तर दिल्यासारखे केले होते. मनुष्याला लगेच पुढे पाठवले, तो बरा झाला. त्याच्या बायकोने मेलेल्या माकडांचा विषय काढला नसता तर काय झाले असते, हे मी अजून अधूनमधून मनात उलगडून पाहते. भाचीच्या प्रश्नपेढीत माकडतापावर मला दोन प्रश्न सापडले. दोन्हींत मेलेली माकडे पहिल्याच ओळीत होती.

रुग्णाची भाषा ही तर वेगळीच अडचण आहे. गोव्यातल्या रुग्णालयाच्या बाकावर कोकणी, मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच तासात ऐकू येते. "कशेंशेंच जाता" म्हणणारा रुग्ण मळमळीबद्दल बोलतो आहे, घाबरण्याबद्दल की हृदयाच्या ठोक्यांबद्दल, हे त्याच्या हाताकडे पाहिल्यावर कळते. तो हात पोटावर ठेवतो की छातीवर, यावर निदान फिरते. संगणकावरच्या नोंदीच्या तक्त्यात मात्र इंग्रजी लक्षणांची एक यादी उघडते आणि तिच्यातले एक निवडल्याशिवाय पुढचे पान येत नाही. एका इंटर्नला मी "घुंवळ येता", म्हणजे चक्कर येते, या तक्रारीसाठी यादीतला पहिला शब्द निवडताना पाहिले आहे. तिने मान वर केली नव्हती. ती आळशी नव्हती; तिच्यामागे तीस रुग्ण होते आणि पान पुढे सरकत नव्हते. जे यादीत नाही ते रुग्णाला होतच नाही, असा संस्कार त्या पानाने तिच्यावर नकळत केला असेल, तर तो पुसायला बरीच वर्षे लागतील.

आकड्यांवरचा विश्वासही असाच नकळत बसतो. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि बोटावर ९५ दिसले की आम्ही सगळेच निःश्वास सोडायचो. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला. यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असतानाही धमनीतल्या रक्ताची तपासणी केल्यावर प्राणवायूचे खरे प्रमाण ८८ च्या खाली निघाले, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के नोंदींत आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के नोंदींत आढळले. हे यंत्र त्वचेतून आरपार जाणाऱ्या प्रकाशावर चालते, आणि त्वचा काळी असली की ते फसू शकते. सावळ्या माणसांच्या आपल्या मुलखात हे पहिल्या वर्षाला शिकवायला हवे. मी भाचीला विचारले तर तिला नेलपॉलिश आणि मेंदीचे माहीत होते, कातडीचे नव्हते. ओठ निळे पडलेत का, माणूस बोलताना वाक्याच्या मध्ये थांबतो का, मानेचे स्नायू ओढले जातात का, हे आकड्याच्या आधी पाहायचे असते. बोटाला चिमटा लावला की डोळे आपोआप चेहऱ्यावरून उतरून त्या चिमट्यावर जातात, हे मी माझ्यावरच अनुभवले आहे.

तिच्या महाविद्यालयात आभासी शवविच्छेदनाचे टेबल आहे. मोठ्या फोनसारखा काचेचा पडदा, बोट फिरवले की त्वचा जाते, पुन्हा फिरवले की स्नायू जातात. ते सुंदर आहे. मला तसे टेबल मिळाले असते तर मेंदूच्या पोकळ्या समजायला मी एवढी रडले नसते. पण चुकून नस कापली तर ते टेबल ती परत जोडून देते. आमच्या वेळी तसे नव्हते. आमच्या टेबलावरच्या देहात पित्ताशयाची धमनी भलत्याच ठिकाणाहून निघालेली होती, पुस्तकातल्या चित्राला न जुमानता, आणि ती आम्ही पहिल्याच दिवशी तोडली. सरांनी तिथेच सांगितले की, जिवंत माणसात हे केले असते तर? त्या देहाचे तळपाय मला आठवतात. चामड्यासारखे जाड, आडव्या भेगांचे. कुणीतरी म्हणाले की, हा रेंदेर असावा, जन्मभर माडावर चढलेला. आम्ही त्यानंतर थोडे हळू आवाजात बोलू लागलो. पडद्यावरच्या देहाला तळपाय आहेत, पण ते कुणाचे नाहीत.

कृत्रिम श्वास देण्याचा सराव ज्या पुतळीवर करतात तिची गोष्ट यापेक्षा निराळी आणि मला फार आवडणारी आहे. १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुन लार्डाल या खेळणी बनवणाऱ्याने ती तयार केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीचा म्हणून सांगितला जाणारा मुखवटा त्याने तिला दिला. म्हणजे जगभरातले विद्यार्थी गेली साठ-पासष्ट वर्षे एका बुडालेल्या मुलीला वाचवण्याचा सराव करत आहेत. छाती किती दाबायची, किती वेगाने दाबायची, हे या पुतळीवर शिकणेच योग्य; रुग्णावर पहिला प्रयोग करू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की, पुतळी तक्रार करत नाही. तिला कंप सुटत नाही, तिची मुलगी दारात उभी राहून रडत नाही, आणि तुझे हात थंड आहेत असे ती सांगत नाही. आता तर पुतळ्यांना घामही येतो आणि त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या आकसतात, तरी हे शेवटचे अजून कुणी बसवलेले नाही.

फोनची एक गोष्ट मला स्पष्टपणे बोलावीशी वाटते, कारण इथे मी फक्त चिंतेत नाही, रागात आहे. भाचीच्या वर्गाच्या गटात "छान केस" म्हणून छायाचित्रे फिरतात. त्यांतले एक तिने मला दाखवले. पायाची जखम होती, चेहरा नव्हता. पण शेजारी टेकलेल्या हातावर हिरवे गोंदण होते आणि त्यात नवऱ्याचे नाव स्वच्छ वाचता येत होते. त्या बाईला विचारले होते का? भाचीला माहीत नव्हते. छायाचित्र कुणी काढले हेही माहीत नव्हते, ते चौथ्या गटातून आले होते. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला, पण त्या बाईने पाय पुढे केला तो कायदा वाचून नव्हे, पांढरा कोट पाहून. आमच्या काळी जखमेचे चित्र वहीत काढावे लागे. माझी चित्रे इतकी वाईट असत की त्यावरून कुणाचीच ओळख पटली नसती.

हजेरीचे मी थोडक्यात सांगते. विद्यार्थी वर्गात आहे की नाही हे आता बोटाच्या ठशावरून किंवा चेहऱ्यावरून यंत्र ठरवते, आणि क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम २०१९ साली आल्यापासून कोणते कौशल्य कधी केले याची नोंद लॉगबुकात ठेवावी लागते. दोन्हींमागचा हेतू चांगला आहे. पण चौकोनात बरोबरची खूण आहे म्हणजे पानथरी (प्लीहा) हाताला लागली होती, असे मात्र नव्हे.

माझे हे सगळे ऐकून भाची एकदा चिडली. "मग काय, आम्ही सगळे सोडून कागदाची सुरळी घेऊन फिरायचे?" तिचा राग रास्त होता. गोव्यातच मी याचे उलट उदाहरण पाहते आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठी इथे जी योजना चालते तिच्यात तालुक्याच्या केंद्रावर काढलेला ईसीजी बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत लगेच पोहोचतो आणि रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध तिथल्या तिथे देता येते. पूर्वी हा रुग्ण रुग्णवाहिकेत घाट-वळणे मोजत मरायचा. या तंत्रज्ञानाला मी हात जोडते. पण त्या साखळीची पहिली कडी कोणती आहे हेही पाहावे. छातीत न दुखता फक्त घाम आलेली, जबडा चोळत बसलेली, पित्त झाले असे सांगणारी म्हातारी समोर आली असता, हिचा ईसीजी काढूया असे वाटणारा एक तरुण डॉक्टर तिथे असावा लागतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला कितीही विद्वान बसलेले असले तरी त्याला तसे वाटले नाही, तर पाठवायला काही नसते. आणि हे वाटणे कोणत्या ॲपवरून उतरवून घेता येते ते मला अजून कुणी सांगितलेले नाही.

भाची त्यावर काही बोलली नाही. संध्याकाळी ती परसात एकटीच फणसांपाशी उभी दिसली. एक फणस तिने उतरवायलाही लावला, तो कच्चा निघाला आणि त्याची भाजी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई परत आली. तिचा एक्स-रे ती पोहोचण्याआधीच माझ्या फोनवर आला होता; हल्ली चित्रे रुग्णाच्या पुढे धावतात. भाचीने फोन उजळलेला पाहिला आणि तिचा हात तिकडे गेला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. ती माझ्याकडे पाहून किंचित हसली, पंखा बारीक केला आणि दोन्ही तळहात एकमेकांवर बराच वेळ घासले. मग बाईच्या मागे उभे राहून तिने डाव्या हाताचे बोट पाठीवर टेकवले आणि वरून खाली ठोकत यायला सुरुवात केली. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मध्ये ती थांबली, मागे गेली, पुन्हा खाली आली. बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मान खाली घालून बसली होती, आणि आज तिने हातांबद्दल काही म्हटले नाही. उजव्या खांद्याच्या हाडाच्या खाली दोन बोटांवर भाचीने बोट धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे पेन मागितले.

"इथून खाली," ती म्हणाली. "की एक बरगडी वर? थांब, मावशी, अजून बघू नकोस."

तिने पुन्हा ठोकायला सुरुवात केली.